एक झडप कमी

१

जुनं, वाळवीनं पोखरलेलं लाकूड चोरायला कोण येईल? पण भंगारवाला मागच्या अंगणात उभा राहून ठामपणे सांगत होता, की एक झडप कमी आहे.

घरातल्या सगळ्या जुन्या खिडक्या काढून तिथे नव्या, सरकत्या खिडक्या बसवायचं काम चाललं होतं. चौकटी काढतानाच मोडल्या, त्यांचे नुसते तुकडे हाती आले. झडपा मात्र धड निघाल्या. सुताराने त्या जोडीजोडीनं भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि भंगारवाल्याला त्या जोडीनेच हव्या होत्या. मागच्या खोलीच्या खिडकीची एकच झडप तिथे होती. दुसरीचा पत्ता नव्हता.

"काल संध्याकाळी मी स्वतः ठेवलीय," सुतार म्हणाला. "आता तिला पाय फुटले असतील तर माहीत नाही."

वहिनी आधी हसली. लोकांची घरं सजवून देणं हा तिचा धंदा. रंग, पडदे, खिडक्या, दिवे, सगळं ती बघायची. स्वतःच्या घराची पाळी मात्र अगदी शेवटी आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली ती धाकट्या दिराने, आणि मग शेजारीपाजारीच काय, गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणू लागली. नवऱ्याला सगळे दादा म्हणत, सासूला माई. दिराला ती भाऊजी म्हणायची. घरात माणसं एवढीच.

दादांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, जिला घरात थोरली म्हणत, दहा-बारा वर्षांपूर्वी याच मागच्या खोलीत आगीत गेली होती. तेव्हापासून ती खोली अडगळीची झाली होती. वहिनीच्या धाकट्या बहिणीला याच गावात नोकरी लागली, ती राहायला येणार म्हणून आता खोली रिकामी करून सजवायची ठरली, आणि त्या निमित्ताने सगळ्याच खिडक्या बदलायला काढल्या.

वहिनीला आदल्या दिवशीची गोष्ट आठवली आणि तिचं हसू मावळलं. मागच्या खोलीची खिडकी काढताना सुतार सहज म्हणाला होता, की ही कधीतरी कोणीतरी कायमची ठोकून टाकली होती. एकाच झडपेच्या कडेने खिळ्यांची भोकं होती, लांबी-पुट्टी भरून बुजवलेली, वर रंग मारलेला. दुसरी झडप तिच्याखाली दबून बसणारी, त्यामुळे एक ठोकली की दोन्ही बंद. दुपारी चहा घेताना वहिनीने ही गंमत म्हणून घरच्यांना सांगितली होती. दादा कप अर्धा टाकून उठून गेले. माईंनी साखर मागितली, चहात आधीच साखर असताना. भाऊजी हसून म्हणाले, "जुन्या लाकडात खिळे नाही सापडणार तर काय मोती सापडणार?"

आणि आज नेमकी तीच झडप गायब होती. अंगणाचं फाटक आतून बंद होतं. तिच्यातल्या भोकांबद्दल सुतार सोडला तर फक्त त्या चहाच्या टेबलावरच्या माणसांना माहीत होतं.

२

दादा मोजकं बोलणारे होते. कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायला ते गावोगाव जात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असत. थोरली गेली त्या रात्रीही ते दौऱ्यावरच होते. वहिनीला लग्नाआधी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की वीज गेली होती, मेणबत्ती कलंडली, दाराशेजारचा पडदा पेटला. तिने दाराला आतून कडी लावली होती, आणि नेमका दाराशीच जाळ. कोणी काही करायच्या आत धुराने जीव गेला. पोलिसांनी अपघाताची नोंद केली आणि विषय मिटला.

वहिनीनेही तो पुन्हा काढला नव्हता. दुसरेपणाची बायको जुन्या जखमेवरची खपली काढत नाही.

पण आता विचारणं भाग होतं. खिडकीला खिळे होते, खोलीत आग लागली होती आणि एक बाई बाहेर पडू शकली नव्हती. खोली तळमजल्यावरची, खिडकी कमरेएवढी खाली. खिडकीची तावदानं लहान, मध्ये लाकडी पट्ट्या, म्हणजे काच फोडून माणूस निघाला नसता. पण झडप उघडली असती तर पोरही उडी मारून बाहेर पडलं असतं.

दादा हत्यारांची पेटी आवरत होते. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं.

ते म्हणाले, की खिळे त्यांनीच ठोकले होते, आगीनंतर. काचा फुटल्या होत्या, खोली उघडी पडली होती, कोणी शिरू नये म्हणून. पुढे उपटून काढले, भोकं बुजवली, रंग दिला. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

"मग झडप कोणी नेली असेल?"

"नेली तर नेली. बरंच झालं."

हे सगळं पटण्यासारखं होतं. पटत नव्हते ते फक्त दादांचे हात. यंत्राचा बारीकात बारीक स्क्रू धरताना न हलणारे ते हात, पेटीचं झाकण उलटं बसवत होते. वहिनी दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणि हे बघ. माईला यातलं काही विचारू नकोस."

३

भाऊजी मागच्या खोलीत भिंतीला रंग देत होते. हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. फर्निचरच्या दुकानात ते विक्रीला होते, आणि त्यांच्या जिभेवर साखर होती असं गिऱ्हाईकही म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. शेजारच्यांचा नळ गळो की दिवा जावो, पहिली हाक त्यांनाच. थोरलीला वाचवायला गेले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे भाजले होते. तिथली कातडी अजून चकचकीत, ताणलेली होती. नातेवाईक आले की माई ते हात धरून दाखवायच्या.

वहिनीने विषय काढला तर त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि सगळं नीट सांगितलं. धुराच्या वासाने जाग आली. माई गोळी घेऊन झोपायच्या, त्यांना हलवून उठवलं. दाराच्या फटीतून जाळ दिसत होता.

"खिडकीकडे जाण्यात अर्थच नव्हता. सरळ दार गाठलं. खांद्याने धडका मारल्या, मग हातांनी फळ्या ओढल्या. पण उशीर झाला, वहिनी."

त्यांचे डोळे पाणावले. वहिनीलाही गलबलून आलं. घरात कोणी तिच्याशी इतकं मोकळं बोललं नव्हतं.

मग त्यांनी आवाज उतरवला. म्हणाले, बोलू नये, पण माईंचं आणि थोरलीचं पटत नव्हतं. थोरली हट्टी होती, घर सोडून जाईन म्हणायची. माई जुन्या वळणाच्या, त्यांना चार लोकांची भीती. "आता त्या वयाला त्यांना काय विचारायचं? झाकली मूठ राहू द्या."

वहिनी खिडकीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. उद्या-परवा तिथे नवी खिडकी बसणार होती, भाऊजींनीच पसंत केलेली, अंगणाकडे तोंड असलेली भली मोठी. तिला आतून कुलूप नव्हतं. त्याबद्दल तिने विचारलं, तर ते हसले. म्हणाले, कुलूप काय, मागाहून बसवू, मुलीला आधी हवा-उजेड तर मिळू दे.

दादा म्हणाले माईला विचारू नकोस, आणि भाऊजीही तेच म्हणाले. दोन मुलगे एका आईला पाठीशी घालत होते, तेही एकमेकांना न सांगता. वहिनी तडक माईंच्या खोलीकडे वळली.

४

माई खोलीत नव्हत्या. डोळे तपासायला शेजारणीबरोबर गेल्या होत्या. वहिनी दारात थांबली आणि तिथेच तिची नजर अडकली.

माईंच्या पलंगाची चादर तिने स्वतः शिवून घेतली होती. झालर बरोबर जमिनीला टेकेल अशी मापं तिनेच दिली होती. आज ती झालर जमिनीपासून चांगली दोन बोटं वर लोंबत होती. चादर आटली नव्हती, म्हणजे पलंग उंच झाला होता. सकाळीच माई म्हणाल्या होत्या, नवी गादी फार मऊ आहे, कंबर धरते, खाली फळी टाकून घेतलीय.

वहिनीने गादी उचलली. खाली झडप होती.

ती तिने आपल्या कामाच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. वरचा रंग हिरवा होता. पत्र्याच्या पट्टीने जरासं खरवडलं तर तो सालीसारखा निघून आला. काजळीवर रंग धरत नाही, हे रंगाऱ्याला शिकवावं लागत नाही. ज्याने हा रंग दिला त्याने खालची काजळी धुतलीसुद्धा नव्हती. घाईघाईने झाकून टाकली होती.

हिरव्याखाली सगळं काळं निघालं. मूळचा पिवळा रंग आगीने फोड येऊन करपला होता. आणि त्या काळ्यात, झडपेच्या कडेने, ओळीनं गोल गोल स्वच्छ पिवळे ठिपके होते, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे. प्रत्येकाच्या मधोमध बुजवलेलं भोक.

भिंतीवरची तसबीर काढली की खाली मूळ रंगाचा चौकोन दिसतो. इथेही तसंच झालं होतं. रुंद टोपीचे खिळे होते, पत्र्याला मारतात तसले, आणि टोपीखालची जागा काजळीपासून वाचली होती. म्हणजे आग लागली तेव्हा खिळे जागेवरच होते. दादा म्हणाले होते, आगीनंतर ठोकले. ते खोटं होतं.

कोणीतरी थोरलीला कोंडलं होतं. नवऱ्याने, नाहीतर सासूने. ज्या घरात ती भिंतींना रंग निवडत होती, त्या घराने एक बाई खिडकी ठोकून जाळली होती.

बोटांनी ती झडप चाचपत राहिली. ठिपक्यांच्या आजूबाजूला लाकडात खळगे पडले होते, कशाने तरी ठोकर मारल्यासारखे. खालच्या एका भोकाची कड फाटली होती, तिथला खिळा कोणीतरी जिवाच्या आकांताने उचकटायला गेलं होतं. झडप पुन्हा लपवावी म्हणून तिने ती उचलली, आणि कशावर तरी बोट आपटलं. जुनी लोखंडी कडी, खिडकी लावायची.

खिडकीची कडी आतल्या बाजूला असते.

ती ज्या अंगावर होती त्याच अंगावर ते पिवळे ठिपके होते. खिळे बाहेरून कोणी मारलेच नव्हते.

५

दादांनी झडप बघितली आणि खुर्चीवर बसले. मग ते जे बोलले ते त्यांनी इतक्या वर्षांत कोणाजवळ उच्चारलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी दौऱ्यावरून परतले होते. जळक्या खोलीत एकटेच गेले आणि त्यांनी ते खिळे पाहिले, काजळीत पोलिसांच्या नजरेतून सुटलेले. दाराला आतून कडी, खिडकीला आतून खिळे. त्यांना वाटलं, तिने ठरवून जीव दिला. लोकांनी तिच्या नावाने बोलू नये, माईला पोलिसांनी छळू नये, म्हणून खिळे उपटले, भोकं बुजवली आणि घरात होता तो रंग फासला. माईने मागे एकदा विचारलं होतं खिडकीचं, तर तिला सांगितलं, काही नाही. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

"माझ्याबरोबर राहण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं," ते म्हणाले. "तिचा एक फोटोसुद्धा मी ठेवला नाही."

वहिनी त्यांच्यासमोर बसली. तिने त्यांचं बोट धरून खळग्यांवरून फिरवलं, मग फाटक्या भोकावर नेऊन ठेवलं.

"जीव द्यायला बसलेली बाई खिळा उपटायला जाईल का?"

दादांनी बोट पुन्हा त्या फाटक्या कडेवरून फिरवलं.

"ती बाहेर पडायला धडपडत होती. म्हणजे खिळे त्या रात्रीसाठी ठोकलेच नव्हते. आधी ठोकलेले होते. तुम्ही घरी असताना खिडकी उघडी असायची?"

रोज असायची, दादा म्हणाले. वाऱ्याशिवाय तिला झोप यायची नाही.

मग वहिनीने एकेक धागा सोडवत नेला. खिडकी ठोकली ती दादा दौऱ्यावर गेल्यावर. आतून कडी लावणारी, आतून खिळे मारणारी बाई कोंडलेली नसते, ती कोणालातरी बाहेर ठेवत असते. दादांना नव्हे, ते तर गावातच नव्हते. बाहेरचा कोणी चोरचिलट असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, घरातल्या माणसांकडे धावली असती. त्यांच्या बाजूचं दार तिने कडी लावून बंद केलं नसतं. ज्याची भीती होती तो दारानेही येऊ शकत होता आणि अंगणातून खिडकीनेही.

घरात त्या दिवसांत माई होत्या, आणि आणखी एकच माणूस होता.

दादांचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाले, "तो माझा भाऊ आहे. त्याचे हात बघितलेस ना?"

"बघितले," वहिनी म्हणाली. "नुसत्या संशयावर मी कोणाला गुन्हेगार म्हणणार नाही. पण आज ते एक वाक्य बोलून गेलेत. तेच उद्या तुमच्यासमोर बोलू देत."

६

दुसऱ्या दिवशी सुताराला सुट्टी दिली. जेवणाच्या टेबलावर रंगकामासाठी टाकलेलं जुनं कापड होतं, त्यावर वहिनीने झडप ठेवली. माई आल्या, त्यांनी ती बघितली आणि भिंतीचा आधार घेत खाली बसल्या. गादीखालून ती गेल्याचं त्यांना रात्रीच कळलं असणार. भाऊजी हात पुसत आले.

वहिनीने त्यांना त्या रात्रीची हकिकत दादांसमोर पुन्हा सांगायला सांगितली. त्यांनी सांगितली. धूर, माईंना उठवलं, फटीतला जाळ, दार.

"जाळ दाराशी होता," वहिनी म्हणाली. "अशा वेळी माणूस खिडकीकडे पळतो. तुम्ही का नाही गेलात?"

"ती उघडणार नव्हती ना."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

भाऊजी तिच्याकडे बघून हसले. खिळे ठोकले होते ना तिला, म्हणाले, हे काय ते.

वहिनीने झडप फिरवून कडी दाखवली. खिळे आतून होते. पुढे पडदा असायचा. अंगणातून ते दिसणं शक्य नव्हतं, आणि खोलीला आतून कडी होती.

मग बहुतेक माईनं सांगितलं असेल, भाऊजी म्हणाले. माईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग दादाने, भाऊजी म्हणाले. पण दादा तर आगीच्या दुसऱ्या दिवशी आले होते.

"मग एकच रस्ता उरतो," वहिनी म्हणाली. "त्याआधी कोणत्यातरी रात्री तुम्ही अंगणात उभं राहून ती ढकलून पाहिली होती. आणि ती उघडली नव्हती."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भाऊजींनी एकदा माईंकडे बघितलं, एकदा दादांकडे.

"मी तिला हात लावला नव्हता," ते म्हणाले.

हात लावण्याबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं भरदुपारी पडलं.

माई बोलायला लागल्या ते जमिनीकडे बघून. आवाज इतका खालचा, की दादांना पुढे वाकावं लागलं. थोरली त्यांच्याकडे आली होती. हा रात्री दार वाजवतो म्हणाली. दार नाही उघडलं तर खिडकीशी येतो.

"मी तिला म्हटलं, आतून कडी लावून झोपत जा. ती म्हणाली, आणि खिडकीचं काय करू? मग मी खिळ्यांचा डबा काढून दिला. हातोडीसुद्धा मीच दिली. म्हटलं, दादा येईपर्यंत एवढं कर, तो आल्यावर काढून टाकू, त्याला कळू द्यायचं नाही. दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले असते."

वहिनीने विचारलं, की झडप लपवायची होती तर जाळली का नाही.

"एकदा जळलीय ती," माई म्हणाल्या.

भाऊजी खुर्ची मागे ढकलून उठले. पोरकटपणा होता, म्हणाले, वय तसं होतं, आणि आग काही मी लावली नव्हती. ते दाराकडे निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही. दादा उठतील, गळा धरतील, असं वहिनीला वाटलं होतं. पण त्यांचं बोट त्या फाटक्या भोकावर होतं आणि ते तिथेच बघत होते.

"म्हणजे तिला मरायचं नव्हतं," ते म्हणाले.

७

संध्याकाळच्या आत माई स्वतः पोलीस चौकीत गेल्या. कोणी चल म्हटलं नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, की आजी, मुलाविरुद्ध जबाब देताय, कळतंय ना? त्यांनी कळतंय म्हणून सांगितलं आणि सही केली. धाकट्याला बोलावून घेतलं गेलं. आग त्याने लावली नव्हती हे खरं, आणि इतक्या वर्षांनी कायद्याच्या हाती काय लागेल हे त्या अधिकाऱ्यालाही सांगता येईना. त्या रात्री जाग येण्याआधी तो कुठे होता, अंथरुणात की तिच्या दाराशी, या एका प्रश्नाला मात्र त्याने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. घरी तो परतला नाही. त्याचं सामान दादांनी फाटकाबाहेर ठेवलं आणि दुकानातल्या कोणीतरी येऊन नेलं.

वहिनीने बहिणीची सोय गावात एका वसतिगृहात केली. मागच्या खोलीची नवी खिडकी परत पाठवून दिली. तिथे विटा लावून भिंत घ्यावी, असं सुतार सुचवत होता. दादा नको म्हणाले. जागा तशीच मोकळी राहिली, रात्री वारा घरभर फिरायचा.

एक काम उरलं होतं. थोरलीच्या माहेरी जायचं. वडील मुलीमागे लवकरच गेले होते, आई एकटी होती. इतकी वर्षं दादा तिकडे फिरकले नव्हते. कोणत्या तोंडाने जाणार होते? त्या बाईच्या मुलीने आपल्या घरात जीव दिला, असंच ते धरून चालले होते. आता निदान एवढं तरी सांगता येणार होतं, की तिने जीव दिला नव्हता. वहिनी बरोबर गेली.

दोन खोल्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. म्हातारीने जावयाला ओळखलं, दुसरीलाही बस म्हणाली, पाणी दिलं. कपाटावर थोरलीचा फोटो होता. वहिनी तिला पहिल्यांदाच बघत होती. चांगली धिप्पाड, हसरी मुलगी.

दादांनी सगळं सांगितलं. धाकट्याचं सांगितलं, कडीचं, खिळ्यांचं. आपल्या आईने काय सल्ला दिला तेही गाळलं नाही. सांगताना दोनदा थांबले, पण पुरं केलं. मग म्हणाले, की माझ्या कानावर आलं असतं तर मी तिला त्या घरात एक दिवस ठेवलं नसतं. ती एका शब्दाने तरी मला बोलायला हवी होती.

म्हातारीच्या हातात दादांचा रिकामा पेला होता, तो ती पदराने पुसत होती. कोरडा झाला तरी पुसत होती. वहिनीला वाटलं, धक्क्याने तिची वाचा गेली. ती उठून तिच्याजवळ बसायला गेली, तर म्हातारीने हाताने तिला थांबवलं.

"ती तुम्हाला सांगणार होती," ती दादांना म्हणाली. "इथे आली होती ती, तुमच्या त्या दौऱ्याच्या आधी. इथेच बसली होती. सगळं सांगितलं मला. म्हणाली, ह्यांना सांगू का?"

दादांनी मान वर केली.

"मी म्हटलं, नवऱ्याला सांगू नकोस, घर मोडेल. सासूला सांग."